शिटीच्या आत दोन गोळ्या

"ये हाथ झाडू के लिए बने हैं, पिस्तौल के लिए नहीं।"

आमाले कवायत शिकवणारा उस्ताद माझं मनगट वर धरून सगळ्या पलटणीले दाखवत होता. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, भर उन्हात. पोरं हसली. पोरीही हसल्या. मी पोलिसात नवीन भरती झालेली, किरनापूरकडची. पहिल्याच दिवशी त्यानं आडनाव विचारलं, अन् म्हणाला, "अच्छा, कोटा।"

सराव असा. शिटी वाजली की कमरेचं पिस्तूल काढायचं, दुसऱ्या शिटीच्या आत दोन गोळ्या टारगेटवर. नीट नेम धरला तं शिटी वाजून जाय. घाई केली तं बोट झटका मारे, गोळी खाली मातीत. दोन्हीकडून शिव्या. नेम दुसऱ्यायचेही चुकत. त्यायले तो खांद्यावर हात ठेवून समजावे. मले नाही.

सराव संपला की खाली पडलेले खोखे, म्हणजे काडतुसाची रिकामी टरफलं, मलेच वेचायले लावे. सगळ्यायचे.

"उठा। तुम लोगों का खानदानी काम है।"

माझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. मी वाकली की वाटे, आजाच वाकून राह्यला.

मग एकदा लाईनीत उभ्या उभ्या समजलं. मले घाई शिटीची नव्हतीच. त्याच्या आवाजाची होती. लवकर संपावं, लवकर सुटावं.

तवापासून रिकाम्या पिस्तुलावर सराव केला. हात कमरेवरून झपकन काढायचा. पण नळीच्या टोकावरची मक्खी टारगेटवर थांबली की बोट सावकाश. तो मागून ओरडे. ओरडू दे.

परीक्षेत दोन्ही गोळ्या छातीच्या गोलात लागल्या. शिटी त्यानंतर वाजली.

उस्तादानं टारगेट पाहिलं. "तुक्का।" मग बुटानं खोखे माझ्याकडे सरकवले. "चल, उठा।"

मी माझे दोन उचलले. सरळ उभी राह्यली.

"मेरे हो गए, उस्ताद। जिसके हैं वो उठाए।"

"क्या बोली?"

तेच पुन्हा बोलली.

शिक्षा देली: रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या चकरा. पडेपर्यंत. पडली. कोणी पाणी देलं नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरची वारासिवनीची पोरगी म्हणाली, "काहून उलटून बोलली वो? नोकरी जाईन ना."

"हौ. जाईन तं जाईन."

उद्या साहेबासमोर पेशी आहे. माझीच. उलट बोलली म्हणून. उस्तादाचा निरोप आला, माफी माग, विषय खतम.

माफी मागणार नाही. तो मले काय काय म्हणाला ते सांगणार, त्याच्याच शब्दात, त्याच्याच तोंडावर. एक शब्द गाळणार नाही. पलटण साक्षीले येणार नाही, मले ठाऊक आहे. साहेबानं ऐकलं नाही तं ठाण्यात जाईन, याच वर्दीत, अन् त्याच्यावर गुन्हा नोंदल्याशिवाय तिथून हलणार नाही.