वीस मिनिटांच्या सिस्टर

तिला सगळे सिस्टरच म्हणत. बिल्डिंगमधले म्हणत, दुकानदार म्हणत, बसचे कंडक्टर म्हणत. नवरा होता तोवर तोही रागावला की "बरं सिस्टर, तुमचंच खरं" म्हणायचा. आई म्हणणारी एकटी लेक, आणि तीही फोनवर मैत्रिणींशी बोलताना आईला सिस्टरच म्हणायची.

काम असं, की ज्या घरात ती जायची त्या घरातला माणूस बरा होणार नसायचा. हॉस्पिटलनं हात टेकलेले असायचे आणि माणसाला आपल्या पलंगावर परत पाठवलेलं असायचं. मग सिस्टर जायची. कूस बदलायची, जखमा धुवायची, डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन द्यायची, आणि घरच्यांना स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगायची की यापुढं काय काय होईल, आणि त्यातल्या कशाला घाबरायचं नाही. घरात शिरताना ती मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायची. ज्याच्याकडे थोडाच वेळ उरलाय त्याच्यापुढं आपण घड्याळ बघत बसू नये, हा तिचा स्वतःचा नियम. कुठल्या कोर्समध्ये तो शिकवत नाहीत. शिकवायला हवा.

बावीस वर्षं हे काम तिनं बसनं फिरून केलं. घरी छोटी लेक, नवरा अचानक गेलेला, आणि खांद्यावर ती काळी बॅग. दोन बस बदलायच्या, उरलेलं चालायचं. कुणाचा फोन आला की ती म्हणायची, "निघाले." किती वेळात पोचेन हे कधी सांगायची नाही, कारण ते तिच्या हातात नव्हतं.

मग हेडबाई आल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, लग्न न केलेल्या, जिभेनं तिखट. सत्तराव्या वर्षी त्यांनी एक महागडी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती, आणि वर्षभर भल्या पहाटे एकट्याच गावाबाहेर हिंडून यायच्या. "स्टार्ट केली तरी शेजारच्याची झोप मोडत नाही. मला चोरासारखं वाटतं. मजा येते," म्हणायच्या. मग हाडांमध्ये आजार उतरला आणि गाडी खाली उभी राहिली. चौदा महिने सिस्टर त्यांच्याकडे जात होती. एका सकाळी बस चुकली, दुसरी आलीच नाही, आणि सिस्टर पोचली तेव्हा हेडबाईंनी उशीचा अभ्रा दातात धरला होता. इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासानं त्या बोलल्या.

"तू कशानं येतेस?"

"बसनं, बाई."

"दुखणं बसची वाट बघत नाही, पोरी."

एवढंच. सिस्टरला वाटलं, बाई चिडल्या. बाई चिडल्या नव्हत्या. त्यांनी वकिलाला बोलावून घेतलं होतं. बाई गेल्यावर घर भाच्याला गेलं, पुस्तकं शाळेला, आणि गाडी सिस्टरला. सोबत त्यांच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी: "ही विकायची नाही. हिच्यातून वेळेवर पोचायचं."

त्या दिवसापासून सिस्टरनं फोनवर एक नवं वाक्य बोलायला सुरुवात केली. "वीस मिनिटांत येते." आणि यायची. लोक एकमेकांना नंबर देताना सांगू लागले, त्या वीस मिनिटांच्या सिस्टर आहेत ना, त्यांना फोन करा. तिला या नावाचा अभिमान होता. उघडपणे म्हणाली नसती, पण होता.

आता, माणसाच्या पोटात कशानं दुखावं याला काही धरबंध नाही. शेजारच्याकडे मोठा टीव्ही आला तर फार तर आठवडाभर दुखतं. पण सुती गणवेश घालणारी, एकटीनं मुलगी वाढवणारी बाई निळ्या चकचकीत गाडीतून उतरते म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांत ती खुपायला लागली. पहिला मान तळमजल्यावरच्या काकांचा. हे काका पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची जातीनं चौकशी करत.

"सिस्टर, आम्ही पण आता आजारी पडतो बघा. म्हणजे तुमची दुसरी गाडी होईल."

चार्जिंगसाठी तिनं स्वतःचं वेगळं मीटर बसवून घेतलं होतं, तरी "आमची वीज पिते ही" असंही त्यांनीच उठवलं. हेडबाईंचा भाचा गावभर सांगत होता की आत्याला नर्सनं गुंडाळली. तिच्याच नर्सिंग संस्थेतली एक जण हसत हसत म्हणाली, "आम्हाला पण एखादी बिनमुलाबाळांची पेशंट दे गं." सिस्टर हसून सोडून द्यायची. हसणं हे काही उत्तर नव्हे, पण वेळ निभावून नेतं.

एक बोलणं मात्र जिव्हारी लागलं. मोठ्या घरातला पेशंट होता. ती फाटकाशी गाडी लावून उतरली, तर मुलगा पाहुण्यांसोबत व्हरांड्यात उभा. त्यानं गाडी वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाला, "अच्छा! मढ्याच्या टाळूवरचं लोणी ते हेच होय!"

पाहुणे हसले. सिस्टर आत गेली. खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडत होती आणि पलंगावरचे वडील टक्क जागे होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मुलानं टोमणा नर्सला मारला होता, पण त्यात मढं कोण होतं हे त्या म्हाताऱ्याला बरोबर कळलं होतं. सिस्टरला स्वतःच्या अपमानापेक्षा ते मिटलेले डोळे सहन झाले नाहीत. आपण गाडी फाटकाशी लावली नसती तर त्यांना हे ऐकावं लागलं नसतं, असं तिच्या मनानं घेतलं. चूक कुणाची आणि अंगाला लावून कोण घेतंय! पण तिचा स्वभावच तसा.

लेकीला सांगितलं तेव्हा लेक उसळली. "आई, एक तर विकून टाक, नाहीतर तोंडावर उत्तर दे. मधलंच काहीतरी करत बसू नकोस."

सिस्टरनं मधलंच केलं. त्यानंतर ती गाडी कुठल्याच पेशंटच्या दाराशी नेईनाशी झाली. दोन-तीन गल्ल्या अलीकडे लावायची, आणि बॅग खांद्याला अडकवून, बसनं आल्यासारखी चालत जायची. कुणी बोलेनासं झालं. तिला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणंच वाईट होतं.

याच काळात तिच्याकडे रंगारी आजोबा आले. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. छातीत रंगाची आणि टर्पेंटाइनची चाळीस वर्षं साठली होती, आता श्वास पुरत नव्हता. खोली एकच, पण खिडकी मोठी, आणि पलंग खिडकीला लावलेला. गल्ली चांगली रुंद होती, मालाचे टेम्पो दारापर्यंत येत, दार मात्र खिडकीतून दिसत नसे. कुठल्या टेम्पोचा काय आवाज हे आजोबांना न बघता कळायचं. फक्त सिस्टर कधी आली ते कळायचं नाही. गाडीबद्दल त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं की ती इतकी शांत आहे की दाराशी उभी राहिली तरी ऐकू येत नाही.

"काय गाडी आहे!" ते धापा टाकत बायकोला सांगायचे. "दारात येऊन थांबते आणि पत्ता लागत नाही."

गाडी पाण्याच्या टाकीमागं उभी असायची, भाजीबाजार ओलांडून अकरा मिनिटांवर. सिस्टर नुसती हसायची आणि घड्याळ खिशात टाकायची.

"एकदा खिडकीखाली लावा ना," आजोबा म्हणाले. "बघतो तरी."

"लावते की. निळी आहे."

"निळी म्हणजे काय? निळ्यात चौदा प्रकार मी स्वतः कालवलेत. तुम्ही सांगू नका. मी बघून नाव सांगतो."

"पुढच्या वेळी नक्की."

पुढच्या वेळी तिनं पुन्हा टाकीमागंच लावली. त्याच्या पुढच्या वेळीही. गल्लीच्या तोंडाशी चार माणसं कायम उभी असत, आणि त्यांच्या नजरेसमोरून ती गाडी आत न्यायची म्हटलं की तिला व्हरांड्यातलं ते हसू ऐकू यायचं. या चौघांपैकी कुणी तिला आजवर एक शब्द बोललेलं नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आजींचा फोन आला.

"सिस्टर, ह्यांना श्वास घेता येईना हो."

"पाठीमागं उशा लावा, बसतं करा. खिडकी उघडा. हात धरून बसा. मी वीस मिनिटांत येते."

टाकीपाशी ती अठरा मिनिटांत पोचली. तिथून बाजाराबाहेरच्या रस्त्यानं सरळ गेली असती तर दोन मिनिटांत दारात होती. हात वळला आणि गाडी टाकीमागं लागली. सवयीनं, असं तिनं नंतर स्वतःला सांगून बघितलं. सवय अर्धीच होती. अर्धी लाज होती. बॅग घेऊन ती बाजारातून पळत सुटली, गर्दीत अडकली, टोपल्यांना ठेचकाळली, कुणीतरी शिवी दिली. जिना चढून दारात आली तेव्हा मनगटावरच्या घड्याळात एकतीस मिनिटं झाली होती.

खोलीत श्वासाचा आवाज नव्हता. आजी पलंगावर बसलेल्या, आजोबांचं डोकं त्यांच्या खांद्यावर. त्यांनी हात सोडला नव्हता.

"आत्ताच," आजी म्हणाल्या. "पाचेक मिनिटं झाली असतील."

सिस्टरनं नाडी बघितली. डोळे मिटवले. बॅगेत भरून आणलेलं इंजेक्शन तसंच राहिलं. ते दिलं असतं तरी आजोबा वाचले नसते, हे तिला ठाऊक होतं. पण ती शेवटची पाच-दहा मिनिटं त्यांनी तडफडत काढली नसती, आणि हेही तिला तितकंच ठाऊक होतं. ते होऊ नये एवढ्यासाठीच तर ती होती.

"फार त्रास झाला त्यांना?" तिनं विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"झाला," आजी म्हणाल्या. "खिडकीकडे बोट करत होते सारखे. मी म्हटलं, अहो, आल्याच असतील सिस्टर. खाली गाडी लागली पण असेल. तिला आवाज नाही ना, म्हणून आपल्याला कळत नाही."

सिस्टर स्टुलावर बसली. ट्रॅफिक होता, असं म्हणता आलं असतं. आजींनी विश्वास ठेवला असता, आणि गोष्ट तिथंच मिटली असती.

"आजी, गाडी खाली नव्हती. कधीच नव्हती. मी ती टाकीमागं लावते आणि चालत येते. आजसुद्धा तशीच आले."

आजींना कळेना. "का?"

"लोक बोलतात म्हणून. गाडीवरून."

आजींनी आजोबांचं डोकं अलगद उशीवर ठेवलं. त्या ओरडल्या असत्या तर सिस्टरला सोपं गेलं असतं.

"आमच्या दारात कोण बोललं असतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मला विचारायचं तरी होतं."

सिस्टर रडली. इतक्या वर्षांत पेशंटच्या घरात ती पहिल्यांदा रडली, आणि तेही ज्यांचा माणूस गेला होता त्यांच्यासमोर. आजींनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "जा. घेऊन या ती गाडी."

"आता?"

"आता. त्यांना बघायची होती."

सिस्टर बाजारातून परत गेली आणि गाडी घेऊन आली. गल्लीच्या तोंडाशी ती चार माणसं होती. माणसं बाजूला झाली, आणि त्यातल्या एकानं वाटेतली सायकल उचलून कडेला ठेवली. गाडी खिडकीखाली थांबली. खरोखरच काही आवाज झाला नाही. वर आजी खिडकीत उभ्या होत्या. सिस्टर परत वर आली तरी त्या खालीच बघत होत्या.

"सुरेख आहे," आजी म्हणाल्या. "ह्यांनी नाव सांगितलं असतं या निळ्याचं."

लेकीला सिस्टरनं सगळं सांगितलं, काहीही न लपवता. लेकीनं या वेळी सल्ला दिला नाही. आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पंधरा दिवसांनी सकाळी फोन आला, नवा पेशंट, दोन दिवसांपूर्वीच घरी आणलेला. बायको बोलत होती आणि मागून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. "वीस मिनिटांत येते," सिस्टर म्हणाली आणि बॅग उचलली. खाली काका खुर्चीत होतेच.

"निघाली स्वारी! आज कोणाची गाडी आणताय, सिस्टर?"

इतके दिवस ती हसून पुढं जात होती. आज थांबली. दाराच्या हँडलवर हात होता.

"काका, तुमच्यावर वेळ आली ना, तर मला गाडीही लागायची नाही. दोन जिने उतरले की झालं. हाक मारा फक्त. मी येईन."

रागानं नव्हे, स्वयंपाकघरात घरच्यांशी बोलायची त्या आवाजात ती हे म्हणाली. मग का कोण जाणे, खुर्चीतून उठून काकांनी पार्किंगचं फाटक तिच्यासाठी उघडून धरलं.

पेशंटच्या दाराशी माणसं जमली होती. गाडी बघून कुणीतरी कुणाला कोपरानं ढोसलं आणि काहीतरी बोललं. तिनं ते ऐकलं. अठराव्या मिनिटाला तिनं गाडी त्या सगळ्यांच्या समोर, अगदी पायरीला लावली. उंबरठ्यावर घड्याळ काढून खिशात टाकलं, आणि एकोणिसाव्या मिनिटाला ती त्या माणसाच्या उशाशी होती.