चपलेचा मार कुठे बसतो

त्या रविवारी दादाने धाकट्या भावाचा ओठ फोडला. कशावरून म्हणाल, तर चपलेच्या चित्रावरून. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत भांडण नवं नव्हतं. आदळआपट केल्याशिवाय आमच्याकडे डाळसुद्धा शिजत नाही. भांडणात रक्त मात्र मी पहिल्यांदा पाहिलं.

दादा, माझा मोठा भाऊ, शिवडीच्या एका गोदामात माल चढवायचा-उतरवायचा. घरी आला की कॉम्प्युटरवर एक गेम बनवत बसायचा, चाळीत शिरलेले उंदीर मारण्याचा. बंदूकबिंदूक काही नाही. माउस हलवला की बाणाऐवजी पडद्यावर आईची चप्पल फिरायची, नाहीतर लाटणं, खराटा, वरवंटा. सगळी चित्रं त्याने ठिपका ठिपका भरून काढलेली. मग ट्रकचा मागचा लोखंडी फाळका त्याच्या उजव्या हातावर पडला आणि अंगठा सोडून बाकीची बोटं अर्ध्यावर गेली. तेव्हापासून तो हात कायम टॉवेलखाली. जेवायचासुद्धा डाव्या हाताने, भिंतीकडे तोंड करून. माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की मी भांडी आपटते.

सोमवारी त्याला वरळीच्या एका गेमवाल्या ऑफिसात बोलावलं होतं. चित्रं काढायला नाही, खेळ सुचवायला. ते लोक त्याच्यासमोर बसून त्याचा गेम खेळून बघणार होते. जमलं तर नोकरी, नाहीतर गोदामाच्या गेटवर स्टूल टाकून बसायचं.

धाकटा वेबसाइट बनवतो. मनाचा चांगला, पण भयंकर उतावळा. गेम झटकन उघडावा म्हणून त्याने रविवारी सकाळी कुणाला न विचारता सगळ्या कर्सर फाइल, म्हणजे बाणाच्या जागी फिरणारी ती चित्रं, वेबपी नावाच्या दुसऱ्या प्रकारात बदलल्या. फाइल हलकी होते, चित्र जसंच्या तसं दिसतं, हे खरंय. वर सवयीने जुन्या फाइल उडवूनही टाकल्या. पण जुन्या फाइलमध्ये चित्रासोबत आणखी एक गोष्ट साठवलेली असते, मार नेमका कुठल्या ठिपक्यावर बसणार ती. वेबपीत ती उरत नाही. मग मार बसतो चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात.

दुपारी दादाने गेम उघडला. उंदराच्या डोक्यावर चप्पल हाणली, उंदीर आरामात चालत गेला. लाटणं घातलं, तरी तेच. त्याने धाकट्याला विचारलं, धाकट्याने फुशारकीने सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "चित्र तर तेच आहे ना? एवढं काय त्यात?"

टॉवेल खाली पडला. अपघातानंतर दादाने तो हात पहिल्यांदा उगारला, तो सख्ख्या भावाच्या तोंडावर. धाकटा कपाटावर आदळला. दादा त्याच्या छातीवर बसला आणि त्या अर्ध्या हाताने मारतच सुटला. मी त्याला केस धरून ओढलं, तर त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. मग मीही त्याच्या पाठीत गुद्दे घातले. आई आतून धावत आली. "मारून टाकतलंस काय रे तेका?" एवढंच बोलली आणि मधे आडवी पडली. तेव्हा कुठे तो थांबला. गॅलरीत शेजारी जमले होते, त्यांच्या तोंडावर मी दार आपटलं.

धाकटा ओठावर फडकं दाबून बसला. दादा मोरीत हात धूत राहिला. शेवटी धाकटाच उठला आणि कॉम्प्युटरपुढे बसला. म्हणाला, मार बसायची जागा कोडमध्ये वेगळी लिहिता येते, पण कुठली वस्तू कशी लागते ते मला माहीत नाही, तू दाखव.

दादा आला. डावा हात माउसवर गेला, पण त्या हाताने बाण नेमक्या ठिपक्यावर आणता येईना. त्याने वैतागून उजवा हात थेट पडद्यावर टेकवला. बोटाच्या त्या थोटकाखाली अख्खी चप्पल झाकली गेली.

मग धाकट्याने स्वतःचं बोट पुढे केलं. दादाने ते तुटक्या हातात पकडलं आणि हळूहळू खाली सरकवलं.

"इथे. टाचेला. आई टाचेनेच मारते."

असं एकेक करत दोघांनी सगळी हत्यारं जागेवर आणली. धाकट्याच्या बोटावरचं ओठाचं रक्त दादाच्या धुतलेल्या हाताला लागलं होतं, ते कुणीच पुसलं नाही. आई तिथेच भिंतीला टेकून बसली होती.

सोमवारी वरळीला जाताना दादाने टॉवेल दोरीवरच राहू दिला.