लूमशेजारचा धडा

निजामपुऱ्यातल्या, लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याला लागून असलेल्या शाळेत मी शिक्षकांना ऑनलाइन धडे बनवायला शिकवत होते. नातवंडं झाली तरी हौस दांडगी!

एक तरुण बाई कुरकुरल्या, "आजीमॅडम, वर्गात एकाच मुलीला ऐकू येत नाही. तिच्यासाठी प्रत्येक व्हिडिओत खाली बोलण्याची अक्षरं टाकायची?"

त्यांच्या वयाची असताना मीही अशीच शहाणी होते. लूमपेक्षा मोठ्याने ओरडलं की शिकवून झालं, असं समजायचे आणि संध्याकाळी ज्येष्ठमध चघळत बसायचे.

मी माझा एक व्हिडिओ लावला आणि खिडक्या सताड उघडल्या. शेजारच्या लूमच्या खडखडाटात आवाज पार बुडाला. सगळ्यांचे डोळे खालच्या अक्षरांवर!

"काय बाई, ऐकू येतंय का?"

"कुठलं काय! पण कळतंय सगळं," त्या हसल्या आणि मोबाईल पुढे करत म्हणाल्या, "माझ्या उद्याच्या धड्यावर अक्षरं कशी टाकू, दाखवा लवकर!"