लाल वायरचं थिंबल

मे महिन्यातल्या एका सकाळी आईच्या खोलीत झाडू मारताना माझा पाय इन्व्हर्टरच्या लाल वायरला लागला आणि वायर सुटून खाली पडली. ओढली गेली असंही नाही, नुसता स्पर्श झाला. वायरच्या टोकाचं जे कडं बॅटरीच्या बोल्टवर आवळलेलं असतं, ते अर्धं बोल्टवरच राहिलं आणि अर्धं वायरबरोबर आलं. दोन्ही तुकड्यांवर हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. मला कुठलीही गोष्ट उकरून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मी बोट पुढे केलं तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

"हात नको लावू वं. ॲसिड आहे ते."

मग त्यांनी स्वतःच पाणी आणि खायचा सोडा आणला, तुकडे धुतले आणि माझ्या हातावर ठेवले. "थिंबल गेलं," एवढंच म्हणाले. घरात एक वस्तू इतकी वर्षं आहे आणि तिचं नाव मला त्या दिवशी कळलं, याचंच मला जास्त नवल वाटलं.

हा इन्व्हर्टर घरभराचा नाही, फक्त आईच्या मशीनचा आहे. काही वर्षांपूर्वी आईला न्यूमोनिया झाला होता. ती त्यातून उठली, पण फुफ्फुसं पूर्वीसारखी झाली नाहीत. तेव्हापासून हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन तिच्या पलंगाशी सुरू असतं, आणि लाइन गेली की ते इन्व्हर्टरवर चालतं. आमचं घर नागपूरच्या टोकाला, बेसात. इकडे रोज एक नवी इमारत उभी राहते आणि रोज कुणीतरी कुठेतरी खोदतं, त्यामुळे लाइन जायला निमित्त लागत नाही. अडीअडचणीला एक छोटा सिलिंडरही आहे. पण तो लावला की आई त्याच्या काट्याकडेच बघत राहते, आणि काटा खाली सरकू लागला की तिला आणखी धाप लागते.

आणि नेमका त्याच दुपारी दुरुस्तीसाठी लाइन बंद राहणार, असा मेसेज आदल्या दिवशी आला होता.

मी आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्याला लावला. त्याने उचलला, पण तो कुणाच्या तरी गच्चीवर कूलरचा पंप बदलत होता आणि त्याच्यामागे आणखी बरेच कूलर रांगेत होते. मे महिन्यात नागपुरात इलेक्ट्रिशियन मिळणं म्हणजे लग्नसराईत बँडवाला मिळण्यासारखं आहे.

"मीच लावतो. पक्कड आहे मायाजवळ," बाबा म्हणाले. "तू फक्त थिंबल घेऊन ये. मी इथून हलत नाई."

बाबा कोराडीच्या विजेच्या प्लांटमधून रिटायर झालेले. त्यांनी वायरचं काळवंडलेलं टोक कापलं, आतलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापलं, आणि तो बोटभर तुकडा मोडक्या कड्यासोबत माझ्या हाती दिला. "बोल्ट जाईन असं भोक पायजे, अन् वायर फिट बसन अशी नळी पायजे. दोन्ही पाहून घेजो. अन् तांब्याचंच आणजो."

मी गाडी काढली आणि सक्करदऱ्याच्या बाजारात गेले. ऊन असं की हेल्मेटच्या आत डोकं शिजत होतं. पहिल्या दुकानात मी तुकडे काउंटरवर ठेवले. दुकानदाराने न बघताच एक पुडी पुढे केली. आत पंख्याच्या रेग्युलेटरला लागतील अशी नाजूक थिंबलं. मी म्हटलं, हे तर कानात घालायचं झालं. तो हसलाही नाही. दुसऱ्या दुकानात भोक बरोबर मिळालं, पण नळी इतकी मोठी की माझ्या वायरसारख्या दोन वायरी तिच्यात खुशाल गेल्या असत्या.

"दाबून द्या, बसते," दुकानदार म्हणाला. "सगळे असंच करतात."

"ढिलं राहिलं तर?"

"थोडं गरम होईन, ताई. त्यात काय?"

मला आईच्या नाकातली नळी आठवली आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच्याशी भांडत बसायला वेळ नव्हता. तिसरं दुकान आतल्या गल्लीत होतं. तिथल्या काकांनी लाकडी कपाटाचा एक खण ओढून सरळ माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "पाहून घ्या तुम्हीच." हे मला फार आवडलं. खणात थिंबलंच थिंबलं, मनगटावर बांगडी चढवून बघावी तसं मी एकेक वायरच्या तुकड्यावर चढवून बघू लागले. काही चपट्या तोंडाची, काही फाटक्या कड्याची, काही इतकी जाड की त्यांचं काय करत असतील याचा अंदाजच येईना. मी विचारलं, तर हे मोटारीचं, हे लिफ्टचं, हे शेतातल्या पंपाचं, असं ते सांगत गेले. म्हणजे शहरात जे जे चालतं, त्याच्या प्रत्येकाच्या टोकाला हे असं एक कडं आहे आणि ते कुणीतरी घट्ट दाबलेलं आहे. मी आणखी अर्धा दिवस तिथे राहिले असते. पण एक थिंबल वायरवर बरोबर बसलं, बोल्टचं मापही जुळलं, आणि मी तसलीच दोन जास्तीची घेऊन निघाले.

परत येताना एक किडा मात्र डोक्यात वळवळायला लागला. वायर कापताना बाबा एका क्षणासाठीही अडखळले नव्हते. किती कापायचं, काय मागायचं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. हे काम ते पहिल्यांदा करत नव्हते.

घरी पोचले तेव्हा लाइन अजून होती. आई पडून होती, मशीन घरघरत होतं, आणि बाबा इन्व्हर्टर-बॅटरीच्या चाकांच्या ट्रॉलीशी खुर्ची घेऊन तयारीत बसलेले. त्यांनी थिंबल उलटंपालटं करून पाहिलं, काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत पडलं. नळीत वायर घातली, मोठ्या पकडीने दोन ठिकाणी दाबली, आणि मग हिसका देऊन बघितली. बोल्ट आवळून वर व्हॅसलीन चोपडलं. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला.

मी खाली बसून बघत होते, म्हणून मला दिसलं. लाल वायर ताणलेली होती, काळी मात्र चांगली हातभर सैल लोंबत होती. दोन्ही कंपनीतून सारख्याच लांबीच्या आल्या असणार.

"बाबा, ही लाल किती वेळा कापली?"

"दर उन्हाळ्यात कापा लागते."

"अन् काळी?"

"काळीले काई होत नाई."

"काहून होत नाही?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस झालं आता. पण माझं आता कुठे सुरू झालं होतं. काळ्या वायरचं थिंबल नव्यासारखं लखलखीत होतं. मग मी ट्रॉली बघितली. लाल वायरच्या बाजूचे तिचे दोन पाय गंजून खवले सुटलेले, दुसऱ्या बाजूचे धड. मी त्या बाजूने बॅटरीवर हात फिरवला, तर तळव्याला ओल लागली. मान वर केली तर समोर खिडकीतला कूलर, आणि त्याची ओली हवा सरळ माझ्या तोंडावर.

खोलीतली ही जागा सगळ्यांत थंड. आईला कूलरचा सरळ झोत सोसत नाही म्हणून तिचा पलंग बाजूच्या भिंतीला आहे. आणि बाबांनी ट्रॉली बरोबर झोतासमोर उभी केली होती.

"इथं कुणी ठेवली ही?"

"मी ठेवली. तापली नाई पायजे ना बॅटरी," बाबा म्हणाले. "आमच्या प्लांटात माणूस उन्हात उभा राहिला तं चालते, पण कंट्रोल रूम थंड पायजे म्हणजे पायजे. मशीन तापली तं सारं बंद पडते."

"तिथे एसी होता, बाबा. कोरडी हवा. हा कूलर आहे, हा पाणी फेकतो. तुम्ही दर उन्हाळ्यात बॅटरीला दिवसभर आंघोळ घालून राहिले. ओल लागते तेच थिंबल सडते."

बोलताना मला माझ्या शोधाचा इतका आनंद झाला होता की समोर कोण आहे याचं भान राहिलं नाही. बाबांनी गंजलेल्या पायांवरून बोट फिरवलं. मग धड पायांवरून. जन्म विजेत गेलेला माणूस, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा एवढासा झाला. पकड खाली ठेवत ते आईकडे न बघता म्हणाले, "म्हणजे मीच सडवून राहिलो होतो. एखाद्या दिवशी लाइन गेल्यावर तुटली असती तं?"

मला फार वाईट वाटलं. जे सांगायचं ते सांगायलाच हवं होतं, पण इतक्या उत्साहाने नको होतं.

"ट्रॉली बाहेर पॅसेजमध्ये ठेवू," मी म्हटलं. "तिथे सावली आहे, ओल नाही. मशीनची वायर दारातून आत घेऊ."

"नको," आई म्हणाली.

इतका वेळ ती डोळे मिटून पडली होती. आम्हाला वाटलं झोपली आहे.

"काहून वं?" बाबा म्हणाले.

आईला एका दमात फार बोलता येत नाही. ती थांबत थांबत मला म्हणाली, "मले दिसून राहिलं होतं, एकाच बाजूनं गंजून राहिली ते. मी मुद्दाम नाई बोलली. हे दिवसभर त्या बॅटरीपाशी बसतात. बॅटरी बाहेर गेली, तं हे बी बाहेर जाऊन बसतीन."

आई पुन्हा श्वास जमवत होती.

"नोकरी होती तोवर कधी फर्स्ट शिफ्ट, कधी नाइट. घरी आले का झोपले. अन् आता कुठं बसून राहिले, तं तू त्याईले पॅसेजमध्ये धाडून राहिली."

बाबा उठले. ट्रॉलीची चाकं गंजाने आवळली होती, तरी ती त्यांनी एकट्याने ढकलत दाराबाहेर नेली. मी मदतीला गेले तर हाताने बाजूला केलं. त्यांनी मशीनची वायर भिंतीकडेने आत ओढून घेतली, प्लग लावला आणि दोनदा तपासला. आई छताकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवतही नव्हती.

दुपारी लाइन गेली. कूलर थांबला, पंखा थांबला, पॅसेजमधून इन्व्हर्टरचा खटका ऐकू आला आणि आईचं मशीन तसंच चालू राहिलं. बाबा तिच्या उशाशी खुर्चीवर होते. सवयीने ते बॅटरी बघायला अर्धे उठले.

"बसा ना," आई म्हणाली. "चालून राहिली ते."

बाबा खाली बसले. समोर बघण्यासारखं, तपासण्यासारखं काहीच नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी ते आईच्या हातावर ठेवले, आणि मी दार लोटून बाहेर आले.