कोणाला कळवायचे

रकानेबाई माणसाच्या तोंडाआधी त्याच्या हातांकडे पाहत. मी डिचोलीच्या एका खासगी इस्पितळात केसपेपरचे काम शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि मनगटावरच्या भाजल्याच्या डागावर बोट ठेवले. "ही तुजी ओळखीची खूण," त्या म्हणाल्या. मला वाटले, कामाला लागण्याआधीच आपण पेशंट झालो.

केसपेपरवरचा एकही रकाना त्या रिकामा सोडत नसत, म्हणून शिपायांनी ठेवलेले हे नाव. पूर्ण नाव, वय, गाव, ओळखीची खूण आणि शेवटी 'कोणाला कळवायचे'. या शेवटच्या रकान्यावर बाईंचा फार जीव. खोकल्याचे औषध न्यायला आलेल्यालाही त्या विचारत, "तुका कितें जालें जाल्यार कोणाक सांगपाचें?" लोक चिडत. मी पेडण्याची, तोंडाने तिखट. एकदा म्हटलेच, "बाई, सर्दीने कोण मरतं?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "विचारपाक तुजें कितें वता?" विचारायला माझे काय जाणार होते!

गोवा नुकताच घटक राज्य झाला होता आणि भाषेवरून माणसे अजून एकमेकांच्या अंगावर जात होती. बाई प्रश्न कोकणीत विचारत, उत्तर येईल त्या भाषेत ऐकून घेत आणि लिहीत मात्र स्वच्छ मराठीत. छापील कागदाच्या भाषेवरून कुणी वाद काढलाच तर म्हणत, "पयलीं नांव सांग. मागीर झगड."

माझे शिकण्याचे तीन महिने संपत आले होते. मला कायम ठेवायचे की नाही, हे बाई सांगणार होत्या. त्या दिवशी त्या आतल्या खोलीत जुने कागद लावत होत्या आणि खिडकीवर मी एकटी होते. खाणीच्या जीपमधून पायावर दगड पडलेला एक कामगार आला. रक्तावरून नजर वळवून मी त्याच्या बिल्ल्यावरचे नाव वाचले, यशवंत. त्या नावाचा जुना केसपेपर सापडला. नवा कागद मी त्यावरून भराभर उतरवला, एकही रकाना रिकामा नाही. पूर्वी पेनिसिलीन दिले होते आणि ते सोसले होते, हेही लिहिले. नर्स त्याला घेऊन आत गेली. आज बाई शाबासकी देतील, असे मला वाटत होते.

बाई बाहेर आल्या आणि त्यांनी उपचाराच्या खोलीच्या दारातून आत पाहिले. तो खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. त्यांनी माझ्या हातातला जुना कागद ओढून घेतला, त्यावर नजर टाकली आणि धावल्या. बाईंना धावताना मी तेवढेच पाहिले.

"सूय थांबय," त्या नर्सला म्हणाल्या. सुई भरलेली होती. मग माझ्याकडे वळून, "तुवें खूण कितें बरयल्या?"

डाव्या हाताची करंगळी अर्धी, असे मी लिहिले होते. खाटेवरच्या माणसाला दहा बोटे होती.

"बाबा, तुजें नांव?"

त्याने जीपमधून बरोबर आलेल्या, व्हरांड्यात बसलेल्या खाणीच्या सुपरवायझरकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "बाय, मी बाबल. बिल्लो भावाचो आसा. तेका ताप इलो. खाडो पडलो तर कामावरसून काढतले, म्हणान मी इलंय. ह्यां लिहू नकात."

डॉक्टर आले. सगळे नीट विचारल्यावर कळले, गावाकडे एकदा पेनिसिलीनने बाबल मरता मरता वाचला होता. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

बाबल हात जोडत होता. बाई त्याला म्हणाल्या, "तूं हांगा मेलो जाल्यार आमी कोणाचे बायलेक सांगपाचें? भाव घरांत जितो, आनी ताचे बायलेक सांगपाचें तूं विधवा जाली म्हूण?" त्याने जोडलेले हात खाली घेतले. बाईंनी माझ्या कागदावर एक सरळ रेघ मारली, खाली सही केली आणि नवा कागद त्याच्या खऱ्या नावाने भरायला मला दिला. सुपरवायझरने तो कागद वाचला.

यशवंतची नोकरी गेली. आठवड्याने त्याची बायको खिडकीशी आली आणि लोकांसमोर बाईंना वाटेल ते बोलून गेली. बाईंनी सगळे ऐकून घेतले. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलूं दी. दीर जितो आसा म्हूण झगडपाक आयली." मग मला म्हणाल्या, "फाल्यां वेळार यो." उद्या वेळेवर यायला सांगितले, म्हणजे मला कायम केले होते.

बाई निवृत्त झाल्या, त्यांची खिडकी मला मिळाली. पुढे कागद गेले, संगणक आला. एका पावसाळ्यात बाईंनाच खुर्चीवर बसवून आणले. मी न विचारता भरत गेले. नाव, वय, गाव मला पाठ. शेवटच्या रकान्याशी माझा हात थांबला. बाईंच्या मागे कुणी नव्हते, आणि ते त्यांना विचारायचे माझ्याने होईना. मी तो तसाच सोडून पुढे जाऊ लागले.

"विचार गो," बाई म्हणाल्या.

मी विचारले. त्यांनी माझे नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

नवव्या दिवशी वॉर्डातली नवी नर्स हातात कागद घेऊन खिडकीशी आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. "ताई, तुमच्या बाई..." एवढेच ती म्हणाली.

मी तिला थांबवले. "आधी नाव विचार. पूर्ण."

तिने विचारले. मी मनगटावरचा डाग तिच्यासमोर धरला आणि माझे नाव सांगितले. मग तिने मला कळवले.