लाभ, दोन, तीन

"लाभ, दोन, तीन..." असं पुटपुटत तो अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलकेच मिटायचा. टपरीवर चहा पिताना, हातात काही नसतानाही. तुम्ही शेजारी बसला असता तर तुम्हीही मोजायला लागला असता. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. मिनिटाला सहा.

अंबाजोगाईला मी मेडिकल कॉलेजच्या भांडारात कारकून, तो प्रयोगशाळेत परिचर. मेंढपाळाच्या घरचा. त्यांच्याकडे मापं मोजताना पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. तो भिंगातून बघत मोजायचा, आणि प्रयोगशाळेचे नवे सर त्याच्या प्रत्येक आकड्याला वहीत एक रेघ मारायचे. 'लाभ'ला त्यांनी आठवडाभर रेघच मारली नाही. चूक मी काढली.

तो म्हणाला, "पहिला असाच निसटतो, भाऊसाहेब."

रोज सकाळी तो खाटकाकडून बकऱ्याच्या आतड्यालगतचा पातळ पडदा आणायचा. त्यातली दोऱ्याएवढी रसवाहिनी सोडवून कोमट मिठाच्या पाण्यात ठेवायचा. अंगात झिरपलेलं पाणी याच नळ्या पुढे ढकलतात. भिंगाखाली ती आपोआप आकसायची, सुटायची, मिनिटाला सहा वेळा.

त्याच सुमारास स्तनाच्या ऑपरेशननंतर माझ्या बायकोचा डावा हात सुजला. दंड चाळीस सेंटिमीटर, उजवा एकतीस. "हात मेलाय," म्हणून ती पट्टी बांधू देईना, हात हलवीना. असंच चाललं तर सूज कायमची राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सरांना विचारून तो तिला प्रयोगशाळेत घेऊन गेला.

तिनं भिंगाला डोळा लावला. "बकरं कवा गेलं?"

"सकाळी सातला. आता अकरा झाले. ह्या नळीला अजून कुणी सांगितलं न्हाई."

ती दचकली, मग हसली. त्यानं नळीलगतच्या मज्जातंतूला विजेची तार लावली. हलक्या झटक्यानं सहाचे दहा झाले. झटका वाढवला तशी नळी आवळली, पांढरा दोरा होऊन बसली. आतला रस जागीच थांबला.

"बघितलं का, वैनी? नळी आपली आपण चालती. नस नुसती चाल वाढवती, आन् लई ताणली तर गळा धरती. हात मेला न्हाई. त्याला भ्याव घालू नका."

त्या दिवशी तिनं पट्टी बांधून घेतली. तीन महिन्यांत चाळीसचे पस्तीस झाले.

पोळ्यानंतरच्या सोमवारी दुपारी एक वाजता तो जिन्यात कोसळला. हृदय. त्याला वर उचलेपर्यंत तो गेला होता.

चार वाजता प्रयोगशाळा बंद करायला मी किल्ली घेऊन गेलो. बायको दंडाचं माप द्यायला कॉलेजात आलेली होती, तीही सोबत आली. आत त्यानं सकाळी लावलेली नळी भिंगाखाली तशीच होती. पाणी कोमट होतं, हवेचे बुडबुडे येत होते. विजेची तार काढून ठेवलेली. सगळं बंद करायला मी विजेच्या खटक्याकडे हात नेला.

"थांबा," ती म्हणाली. ती भिंगावर वाकली होती. "हिला कुणी सांगितलं न्हाई."

मग तिच्या सुजऱ्या डाव्या हाताची चिमूट हलकेच मिटली.

"लाभ," ती म्हणाली.

मी घड्याळ लावलं. मिनिटाला सहा.