राउटर, मी आणि भरलेले ड्रम

मैत्रिणींनो, अजून छाती धडधडतेय. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आलीय का, वाचून सांगा.

शिक्षक भरतीच्या ऑनलाइन फॉर्मचा आज शेवटचा दिवस. चार वाजता आमच्या आष्टीत लाईट जाणार. आणि कॉम्प्युटरला वायफाय दिसेचना! कॉम्प्युटर आतल्या खोलीत, राउटर बाहेरच्या खोलीत. फोनची वायर आखूड, म्हणून खाली स्टुलावर ठेवलेला. दिवे सगळे लागलेले. बंद करून चालू केला, वायरी काढून लावल्या, कॉम्प्युटरही परत सुरू केला. यादीत आमचं नाव नाहीच. रडू यायला लागलं.

नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "काल तर चालत व्हतं. आज घरात काय बदललं?"

आज टँकर आला होता! आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मोठाले ड्रम काठोकाठ भरून मधल्या भिंतीला ओळीनं लावले होते. मोबाईल घेऊन ड्रमांपलीकडे गेले, वायफाय दिसलं. अलीकडे आले, गायब. ड्रममधलं पाणीच वायफाय अडवत होतं!

"आत्याबाई, हे ड्रम रिकामे करू का?"

"कावून? आठ दिसानं पानी आलंय. पानी जाग्यावरून हालणार न्हाई. तुझा कंप्युटर हालव."

एवढं बोलून त्यांनीच कॉम्प्युटरच्या टेबलाचं एक टोक धरलं.

राउटरशेजारी टेबल टेकवलं. वायफाय दिसलं. फॉर्म गेल्याचा मेसेज आला आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

पदरानं घाम पुसत आत्याबाई म्हणाल्या, "नोकरी लागली की पैलं टाकी बांध."